पीजीला प्रवेश घेण्याआधी आठवड्याचे तास मोजा: क्रेडिट, हजेरी आणि पूर्णवेळ नोंदणीचे नियम, खानदेशातल्या विद्यार्थ्यांसाठी

पदवीचा निकाल लागला की जळगाव, धुळे, नंदुरबारच्या महाविद्यालयांत पीजी प्रवेशाची धावपळ सुरू होते. अर्ज, टी.सी., जातीचा दाखला, गुणवत्ता यादी, फी. या गडबडीत एक प्रश्न बहुतेकांचा विचारायचाच राहून जातो: या प्रवेशामुळे माझ्या आठवड्यातले किती तास जाणार आहेत? दिवाळीनंतर, कापूस वेचणी ऐन भरात असताना हजेरीची यादी लागते आणि मग पोरं-पोरी विभागप्रमुखांच्या दाराशी उभी राहतात. तोवर फी भरलेली असते, शिष्यवृत्तीचा अर्ज गेलेला असतो, आणि मागे फिरणं अवघड झालेलं असतं.

हे टाळता येतं. पूर्णवेळ नोंदणीचे नियम क्लिष्ट वाटतात, पण त्यातला जवळजवळ प्रत्येक नियम शेवटी तासांवर येऊन थांबतो. म्हणून हा लेख तासांपासूनच सुरू करतो. एम.ए., एम.कॉम., एम.एस्सी. करणाऱ्यांना तो सरळ लागू पडेल. एम.बी.ए., एम.फार्म., एम.ई. यांना त्यांच्या त्यांच्या परिषदांचे वेगळे नियम आहेत. त्यांनी हिशोबाची पद्धत इथून घ्यावी आणि आकडे आपल्या अभ्यासक्रमाचे घालावेत.

आधी आपली वाट ओळखा

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात पदव्युत्तर वर्गांना नवा आराखडा २०२३-२४ पासून लागू झाला. तीन वर्षांची पदवी घेतलेल्याला दोन वर्षांचं पीजी, आणि चार वर्षांची ऑनर्स पदवी घेतलेल्याला एक वर्षाचं. सध्या आपल्याकडे बहुतेक जण पहिल्या वाटेवरचे आहेत.

देशपातळीवरचा हिशोब असा: एका सत्राला किमान २० क्रेडिट (क्रेडिट म्हणजे अभ्यासाचं माप, त्याचे तास पुढे करू), म्हणजे वर्षाला ४०. राज्याच्या आराखड्यात तो सत्राला २२ पर्यंत जातो. वर्षाला ४४, दोन वर्षांत ८८. या ८८ ची फोड समजून घ्या, कारण पुढचं सगळं नियोजन तिच्यावर आहे. मुख्य विषयाचे अनिवार्य पेपर ५४ क्रेडिटचे, ऐच्छिक १६, पहिल्या सत्रात संशोधन पद्धती ४, दुसऱ्या सत्रात कार्यप्रशिक्षण किंवा क्षेत्रीय प्रकल्प ४, आणि तिसऱ्या-चौथ्या सत्रात मिळून संशोधन प्रकल्प १०. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कक्षेत तिन्ही जिल्हे येतात, त्यामुळे तुमच्या विषयाची नेमकी मांडणी विद्यापीठाच्या अभ्यासक्रम पुस्तिकेत मिळेल. ती संकेतस्थळावरून उतरवून घ्या आणि पहिल्या सत्राचं पान छापून जवळ ठेवा. विषयांच्या नावांपेक्षा त्या पानावरचे क्रेडिटचे रकाने आधी वाचा.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करतो. ‘या सत्रात तीनच पेपर घेतो, उरलेले पुढच्या वर्षी’ अशी सोय नियमित प्रवेशात सहसा नसते. परदेशी शिकणाऱ्या नातेवाइकाकडून ऐकून काही जण तशी अपेक्षा धरतात. तिकडे विद्यार्थी दर सत्राला विषय कमी-जास्त घेतो आणि ठरावीक क्रेडिटच्या वर गेला की पूर्णवेळ मानला जातो. आपल्याकडे नियमित प्रवेश घेतला की त्या सत्राचे सगळे क्रेडिट अंगावर येतात. पूर्णवेळ की अर्धवेळ हा निर्णय इथे सत्र सुरू झाल्यावर घेता येत नाही. तो प्रवेश अर्ज भरतानाच झालेला असतो.

क्रेडिटचे तास करा

वही घ्या. थिअरीचा १ क्रेडिट म्हणजे सत्रात १५ तास शिकवणं. सत्र साधारण १५ आठवड्यांचं, म्हणून १ क्रेडिटला आठवड्याचा १ तास. प्रात्यक्षिकाचा १ क्रेडिट म्हणजे ३० तास, म्हणजे आठवड्याला २.

आता एम.ए. मराठी किंवा इतिहासाचा विद्यार्थी घ्या. २२ क्रेडिट, सगळे थिअरीचे धरले तर आठवड्याला २२ तास वर्गात. सहा दिवसांत वाटले तर रोज साडेतीन-चार तास. एम.एस्सी.चं गणित वेगळं. समजा अनिवार्य १४ क्रेडिटपैकी १० थिअरीचे आणि ४ प्रात्यक्षिकाचे, ऐच्छिक ४ पैकी २ थिअरी आणि २ प्रात्यक्षिक, वर संशोधन पद्धती ४. मग थिअरीचे १६ तास आणि प्रात्यक्षिकाचे १२, एकूण २८. क्रेडिट दोघांचेही २२ च, पण एम.एस्सी.वाल्याचे आठवड्याला सहा तास जास्त जातात, आणि तेही प्रयोगशाळेत सलग उभं राहून. घरी शेतीला किंवा दुकानाला हातभार लावायचा असेल तर हा फरक प्रवेशाआधीच डोळ्यांसमोर हवा.

एवढ्यावर हिशोब संपत नाही. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात १ क्रेडिट म्हणजे शिकण्याचे एकूण ३० तास धरले आहेत. वर्ग, वाचन, लेखन, तयारी सगळं त्यात आलं. २२ गुणिले ३० म्हणजे ६६० तास. १५ आठवड्यांत भागले तर आठवड्याला ४४. एम.ए.च्या विद्यार्थ्याने वर्गातल्या २२ तासांशिवाय आणखी २२ तास घरी किंवा ग्रंथालयात द्यायचे, हे या आकड्यामागचं गृहीतक आहे. एवढे तास खरोखर कोण देतं, असं कुणी म्हणेल. पण परीक्षेचा अभ्यासक्रम हे तास धरूनच बेतलेला असतो, त्यामुळे हिशोबात ते मांडायलाच हवेत.

आता खानदेशातला खरा खर्च त्यात घाला: प्रवास. अमळनेर, धरणगाव किंवा पाळधीहून जळगावला रेल्वेने रोज ये-जा करणारे पुष्कळ आहेत. चोपडा, यावल, एरंडोल, पाचोऱ्याहून एस.टी.ने किंवा गाडीने येणारेही आहेत. घरातून स्टेशन, गाडीची वाट, उतरून पुन्हा रिक्षा, असे दारापासून दारापर्यंत जाऊन-येऊन तीन तास धरले तर सहा दिवसांचे १८ तास झाले. ४४ चे ६२ झाले. विद्यापीठाच्या उमविनगर परिसरात शिकणाऱ्याला जळगाव स्टेशनपासून पुढे बांभोरीकडचा टप्पा वेगळा. मुलींच्या बाबतीत गावाकडे जाणारी शेवटची बस किती वाजता सुटते, यावर शेवटचा तास बसता येईल की नाही ते ठरतं. म्हणून वेळापत्रक हातात आलं की त्याच्या शेजारी बसचं आणि गाडीचं वेळापत्रक लिहा. दोन्ही जुळत नसतील तर पहिल्या पंधरवड्यातच विभागप्रमुखांना भेटा. पाच-सहा जणांची एकच अडचण असेल तर सगळ्यांनी मिळून एक लेखी अर्ज द्या. शेवटचा तास मागे-पुढे करणं तेव्हा अजून त्यांच्या हातात असतं.

प्रवासाचा आकडा १५-१८ च्या पुढे जात असेल तर वसतिगृह किंवा खोलीचा विचार करा, असा माझा आग्रह आहे. पैशांचा प्रश्न येतो हे मान्य, आणि त्यावर पुढे लिहिलंय. पण बसमध्ये घालवलेले १८ तास म्हणजे जवळजवळ घरच्या अभ्यासाचे सगळे तास.

हजेरी: टक्केवारीपेक्षा उरलेले तास मोजा

नियमित विद्यार्थ्याला साधारणपणे ७५ टक्के हजेरी लागते. सगळ्यांना हे तोंडपाठ असतं, पण त्याचे तास करून पाहणारे थोडे.

४ क्रेडिटचा एक थिअरी पेपर घ्या. सत्रात ६० तास. त्याचे ७५ टक्के ४५. म्हणजे तुमच्याकडे चुकवायला १५ तास आहेत. आठवड्याला ४ तास असतील तर जवळपास पावणेचार आठवडे. ऐकायला भरपूर वाटतं. आता वजा करत चला. प्रवेशाची दुसरी-तिसरी फेरी लांबली आणि तुम्ही दोन आठवडे उशिरा रुजू झालात तर ८ तास तिथेच गेले. उरले ७. कापसाच्या वेचणीला मजूर मिळत नाहीत म्हणून घरी एक आठवडा थांबलात तर ४ गेले. उरले ३. लग्न, ताप, बंद पडलेली गाडी, पोलीस भरतीचा किंवा एम.पी.एस.सी.चा पेपर, या सगळ्यांसाठी आता फक्त ३ तास आहेत.

प्रात्यक्षिकाचं गणित याहून कडक. ४ क्रेडिटचं प्रात्यक्षिक म्हणजे १२० तास. ते चार-चार तासांच्या बैठकींत होत असेल तर ३० बैठका. २५ टक्के म्हणजे ३० तास, म्हणजे सात बैठका चुकवता येतात, आठवी चुकली की खाली गेलात. शिवाय चुकलेला प्रयोग पुन्हा लावून द्यायला प्रयोगशाळा सहायकाकडे वेळ असेलच असं नाही.

मग शेतकऱ्याच्या घरच्याने काय करायचं? वेचणी ऑक्टोबरपासून पुढे चालते आणि पहिल्या किंवा तिसऱ्या सत्राचा उत्तरार्ध नेमका तेव्हाच असतो. रावेर-यावलकडे केळीची कापणी वर्षभर मागे-पुढे होते, तिथे निदान दिवस निवडता येतो. कापसाला तशी सवड नाही. माझा सल्ला असा:

जून-जुलैपासूनच पहिले दोन महिने एकही तास चुकवू नका. गरजेचे तास ऑक्टोबर-नोव्हेंबरसाठी राखून ठेवा. घरी आताच सांगा की दिवाळीच्या सुट्टीचे सगळे दिवस तुमचे, पण सुट्टीनंतर मी आठवड्याचे अमुक दोनच दिवस थांबू शकतो. ते दोन दिवस प्रात्यक्षिकाचे नसावेत, हे वेळापत्रक बघून ठरवा. आणि प्रत्येक पेपरसाठी वहीच्या मागच्या पानावर उरलेले तास लिहा. हजेरी पेपरनिहाय पाहिली जाते. एका पेपरात ९० टक्के आणि दुसऱ्यात ६० असेल तर दुसऱ्याचा प्रश्न उभा राहतोच.

आजारपणाने हजेरी कमी पडली तर सवलतीसाठी अर्ज करायची सोय विद्यापीठाच्या नियमांत असते, पण ती आपोआप मिळत नाही. दवाखान्याची कागदं त्याच आठवड्यात झेरॉक्स काढून अर्जासोबत कार्यालयात द्या आणि पोच घ्या. सत्राच्या शेवटी आणलेल्या वैद्यकीय प्रमाणपत्राकडे कुणी फार विश्वासाने बघत नाही.

कार्यप्रशिक्षण आणि प्रकल्प आधीच ठरवा

दुसऱ्या सत्रातलं कार्यप्रशिक्षण ४ क्रेडिटचं, म्हणजे १२० तासांचं. ते वर्गाबाहेर करायचं असल्यामुळे बरेच जण त्याला सोपं समजतात आणि शेवटच्या महिन्यात एखाद्या ओळखीच्या दुकानाचं पत्र आणतात. माझ्या मते दोन वर्षांतली सर्वात चांगली संधी अशी वाया जाते.

खानदेशात जागा आहेत. इतिहास आणि मराठीच्या विद्यार्थ्याला धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे, समर्थ वाग्देवता मंदिर आहे. जुनी कागदपत्रं आणि हस्तलिखितं प्रत्यक्ष हाताळणं म्हणजे काय ते तिथे कळतं. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला अमळनेरचं प्रताप तत्त्वज्ञान केंद्र, जे शंभर वर्षांहून जुनं आहे. वनस्पतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्राला जळगावचं केळी संशोधन केंद्र, जिल्ह्याजिल्ह्यातली कृषी विज्ञान केंद्रं. वाणिज्य आणि अर्थशास्त्राला जिनिंग, डाळ आणि तेल गिरण्या, सहकारी पतसंस्था. कुणालाही जायचं असेल तर पहिल्या सत्राच्या शेवटीच विभागाचं पत्र घेऊन विचारा, कारण पत्राला उत्तर यायला वेळ लागतो. १२० तास सलग द्यायचे की आठवड्याचे दोन दिवस, हेही तेव्हाच ठरवा. सलग दिले तर इतर पेपरांची हजेरी बुडणार नाही ना, ते आधी तपासा.

ऐच्छिक पेपराबद्दल एवढंच: स्वयम् या सरकारी व्यासपीठावरचे ऑनलाइन अभ्यासक्रम क्रेडिटसाठी चालतात आणि एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम तिथून घ्यायला विद्यापीठ अनुदान आयोगाची परवानगी आहे. मात्र नोंदणी करण्याआधी विभागाने तो अभ्यासक्रम मान्य केल्याचं लेखी हवं. आधी पूर्ण करून नंतर प्रमाणपत्र दाखवलं तर क्रेडिट मिळण्याची खात्री नाही.

बी.एड. आणि एम.ए. एकत्र

‘सर, बी.एड. करता करता एम.ए. जमी का?’ प्रवेशाच्या दिवसांत हा प्रश्न ऐकू आला नाही असा आठवडा जात नाही. शिक्षक व्हायचं स्वप्न आपल्याकडे फार घरांत आहे आणि दोन वर्षं वाचली तर घराला हवीच आहेत.

विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करायला परवानगी दिली. त्यात तीन प्रकार बसतात. दोन्ही प्रत्यक्ष वर्गात, पण एकाच्या तासांवर दुसऱ्याचे तास येता कामा नयेत. एक प्रत्यक्ष आणि दुसरा दूरशिक्षण किंवा ऑनलाइन. किंवा दोन्ही दूरशिक्षण-ऑनलाइन. पीएच.डी.ला ही सवलत नाही. आणि ज्या अभ्यासक्रमावर वेगळी वैधानिक परिषद आहे, तिथे त्या परिषदेचे नियमही पाळावे लागतात.

बी.एड.वर राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद आहे, आणि तिचे २०१४ चे नियम तासांच्या बाबतीत फार स्पष्ट आहेत. वर्षाला किमान २०० कामाचे दिवस. संस्था आठवड्याला किमान ३६ तास चालली पाहिजे. अभ्यासक्रम आणि प्रात्यक्षिकाला ८० टक्के हजेरी, शालेय आंतरवासितेला, म्हणजे शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याच्या सरावाला, ९० टक्के. आंतरवासिता एकूण २० आठवड्यांची, त्यातले १६ आठवडे दुसऱ्या वर्षात.

आता जोडा. बी.एड.चे ३६ आणि नियमित एम.ए.चे २२, आठवड्याला ५८ तास फक्त वर्गात, प्रवास आणि पाठ टाचण सोडून. शिवाय बी.एड. कॉलेज सकाळी अकराच्या सुमारास भरतं आणि पीजीचे तासही बहुतेक तेव्हाच. तास एकमेकांवर आले की आयोगाची परवानगीच लागू होत नाही. दोन्हीकडे हजेरीपत्रकावर सही दिसली तर ती पुढे नोकरीच्या वेळी कागदपत्रं तपासताना अंगाशी येऊ शकते. ‘कॉलेज सांभाळून घेईल’ असं कुणी सांगितलं तर त्या वाटेने जाऊ नका. सांभाळून घेणारा माणूस दहा वर्षांनी तपासणीच्या टेबलावर तुमच्या बाजूला बसलेला नसेल.

सरळ वाट म्हणजे बी.एड. नियमित आणि एम.ए. मुक्त विद्यापीठातून. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ किंवा इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ. मान्यताप्राप्त संस्थेतून दूरशिक्षणाने घेतलेली पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते, हे आयोगाने २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे. प्रवेशाआधी तीन गोष्टी तपासा. तुम्हाला हवा तो अभ्यासक्रम त्या वर्षासाठी आयोगाच्या दूरशिक्षण मंडळाच्या यादीत आहे का. संपर्कसत्रं रविवारी आहेत का, आणि अभ्यासकेंद्र किती लांब. आणि मागच्या दोन वर्षांच्या परीक्षेच्या तारखा बी.एड.च्या परीक्षेशी किंवा आंतरवासितेशी भिडल्या होत्या का. दूरशिक्षणाच्या नोंदणीसाठी आता याच मंडळाचा डी.ई.बी. आयडी लागतो, तो आधी काढून ठेवा.

मूळ टी.सी. एकच असते. दोन्हीकडे प्रवेश घेताना कुठे मूळ द्यायची आणि कुठे काय चालेल, हे दोन्ही कार्यालयांत तोंडी न विचारता लिहून विचारा.

नोकरी करणाऱ्यांसाठी

एम.आय.डी.सी.त दिवसपाळी करणाऱ्याने नियमित एम.कॉम.ला नाव घालू नये. त्याला दूरशिक्षण हाच प्रामाणिक पर्याय आहे, आणि तो कमी दर्जाचा नाही. तुमच्या पीजीचे वर्ग सकाळी लवकर भरत असतील, तर दुपारनंतरचं अर्धवेळ काम करणाऱ्यांना मात्र नियमित पीजी जमू शकतं. वरचा ४४ तासांचा हिशोब घालून बघा. आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त काम असेल तर मी एम.एस्सी. न करण्याचा सल्ला देईन. जिल्हा परिषदेच्या किंवा इतर शासकीय सेवेत असाल तर प्रवेशाआधी कार्यालयाची लेखी परवानगी घ्या. पदवी मिळाल्यावर सेवापुस्तकात तिची नोंद करताना तो कागद मागितला जातो.

शिष्यवृत्ती आणि वसतिगृह

महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावरच्या भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला ७५ टक्के हजेरीची अट आहे आणि ती घेणाऱ्याला दुसरी शिष्यवृत्ती घेता येत नाही. दोन अभ्यासक्रम एकाच वेळी केले म्हणून दोन अर्ज करायचे, असं चालत नाही.

याहून जास्त फटका बसतो तो एका वेगळ्या अटीचा. एकाच स्तरावर दुसऱ्या विषयात पुन्हा शिकणाऱ्याला ही शिष्यवृत्ती मिळत नाही. एम.ए. मराठी झालं, आता स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी शहरात राहायचंय म्हणून एम.ए. राज्यशास्त्राला नाव घातलं, तर फी स्वतःच्या खिशातून भरायची तयारी ठेवा. शहरात टिकून राहण्यासाठी घेतलेला दुसरा प्रवेश असा महागात पडतो, आणि हजेरीचे २२ तास तर द्यावेच लागतात. ज्याला खरोखर तयारीच करायची आहे त्याने ते २२ तास अभ्यासिकेत दिलेले बरे.

सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना स्वाधार योजना आहे, आदिवासी विद्यार्थ्यांना पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना. आदिवासी विकास विभागाची प्रकल्प कार्यालयं नंदुरबार, तळोदा, धुळे आणि यावलला आहेत. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या मुलांनी अर्जाची तारीख सुटू नये म्हणून बोनाफाईड प्रमाणपत्र प्रवेशाच्या दिवशीच मागून घ्यावं. त्यावर अभ्यासक्रम, वर्ष आणि ‘नियमित’ हा उल्लेख आहे का ते खिडकीवरच वाचा. मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्रही तयार ठेवा.

पीएच.डी.: इथे अर्धवेळ खरोखर आहे

आयोगाचे नोव्हेंबर २०२२ चे नियम पूर्णवेळ आणि अर्धवेळ दोन्ही मान्य करतात. मुदत दोघांनाही सारखीच: कोर्सवर्क (पीएच.डी.तले अभ्यासाचे पेपर) धरून किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त प्रवेशापासून सहा. पुनर्नोंदणी करून आणखी दोन. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असणाऱ्यांना त्यावर आणखी दोन, म्हणजे एकूण दहा वर्षांपर्यंत. प्रसूती आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळते. खानदेशात कनिष्ठ महाविद्यालयांत शिकवत संशोधन करणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. त्यांनी ही रजा आणि ही वाढीव मुदत हक्काने मागावी.

कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं, आणि त्यात किमान ५५ टक्के गुण लागतात. अर्धवेळवाल्यालाही त्यातून सुटका नाही. म्हणून नोकरीच्या ठिकाणाहून मिळणाऱ्या ना हरकत प्रमाणपत्रात तीन गोष्टी असाव्याच लागतात: अर्धवेळ शिकायला परवानगी आहे, कामातून संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल, आणि गरज पडली तर कोर्सवर्कसाठी कामातून मोकळं केलं जाईल. ‘संस्थेची हरकत नाही’ एवढी एक ओळ लिहिलेलं पत्र परत येतं. मसुदा स्वतः टाइप करून संस्थाचालकांकडे न्या, म्हणजे काही सुटणार नाही.

जे.आर.एफ. (कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती) मिळालेल्याला जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये मिळतात, पण ते पूर्णवेळ संशोधनासाठी. पगाराची नोकरी आणि ही छात्रवृत्ती एकत्र ठेवता येत नाही. विनाअनुदानित कॉलेजात तुटपुंज्या मानधनावर असणाऱ्याने हा हिशोब मांडायला बिचकू नये. बऱ्याच वेळा नोकरी सोडून पूर्णवेळ होणंच पैशाच्या आणि तासांच्या दृष्टीने सरस ठरतं. मार्गदर्शक निवडताना त्यांच्याकडे जागा शिल्लक आहे का तेही विचारा. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगीला सहा, सहायकाला चार एवढीच विद्यार्थ्यांची मर्यादा आहे.

मध्येच थांबावं लागलं तर

वडिलांचं आजारपण, लग्न, नोकरीचा कॉल. थांबण्याची कारणं खरी असतात, आणि नव्या आराखड्यात थांबण्यालाही रीतसर वाट आहे. पहिल्या वर्षाचे सगळे ४४ क्रेडिट मिळवले असतील तर पीजी डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं. म्हणून दुसऱ्या सत्रात अडचण आली तर जमेल ते करून ते सत्र पूर्ण करा. तिथून पुढे थांबलात तर हातात एक प्रमाणपत्र राहतं. तिसऱ्या सत्राची फी भरून थांबण्यात पैसेही जातात आणि वर्षही.

मिळवलेले क्रेडिट ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा होतात आणि जास्तीत जास्त सात वर्षं वापरता येतात. खातं डिजिलॉकरवरून उघडतं. आपल्याकडे गाडी अडते ती नावावर. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. आधारवर स्वतःचं नाव आधी. मुलीचं लग्न झालं असेल तर आडनावच वेगळं. नाव, जन्मतारीख यात एका अक्षराचा फरक असला तरी क्रेडिट खात्यावर चढत नाहीत. पहिल्या सत्राचा निकाल लागला की महिनाभरात खातं उघडून आकडा बघा. तिथे शून्य दिसत असेल तर गुणपत्रिका आणि आधारची प्रत जोडून महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात अर्ज द्या, आणि पोचेवर तारखेसह शिक्का मारून घ्या.